शिकागोला ‘विंडी सिटी’ पहिल्यांदा म्हटलं कोणी?

उलटी_नदी

शिकागोत पाहुणे आले की त्यांना नदीवरच्या बोटीत बसवावंच लागतं, आणि बोटीवरचा गाइड एक गोष्ट सांगतोच सांगतो. कोलंबसच्या आगमनाला ४०० वर्षं झाल्याचं जागतिक प्रदर्शन कुठे भरवायचं, यावरून १८९० च्या आसपास न्यूयॉर्क आणि शिकागोत चांगलीच जुंपली होती. न्यूयॉर्कच्या ‘सन’ दैनिकाचा संपादक चार्ल्स डेना वैतागला आणि त्यानं अग्रलेखात लिहिलं, की त्या ‘विंडी सिटी’च्या वल्गनांकडे लक्ष देऊ नका, प्रदर्शन मिळालं तरी ते उभं करणं त्यांच्या बापजन्मी जमायचं नाही. (बापजन्म माझ्या पदरचा.) तेव्हापासून म्हणे हे नाव चिकटलं. म्हणजे नाव वाऱ्यावरून नाही, बाता मारण्यावरून (इंग्रजीत ‘विंडी’ म्हणजे वाऱ्याचं, तसंच बाताड्याही). पाहुणे “अच्छा!” म्हणतात आणि गाइडला टिप मिळते.

गोष्ट झकास आहे, पण तो अग्रलेख आजवर कुणीही दाखवलेला नाही. ज्या वाक्याचा दाखला दिला जातो ते छापील स्वरूपात सापडतं ते थेट १९३३ साली, शिकागोतच, तिथलं दुसरं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा. म्हणजे डेना जाऊन ३६ वर्षं झाल्यावर.

आणि खरा घोटाळा पुढेच आहे. ९ मे १८७६ च्या ‘सिनसिनाटी एन्क्वायरर’मध्ये एक मथळा आहे: ‘दॅट विंडी सिटी’. खाली शिकागोत ६ मेला झालेल्या चक्रीवादळाच्या करामतींची बातमी. प्रदर्शनाच्या भांडणाआधी चांगली १४ वर्षं! हे कात्रण लोकांसमोर आणलं बॅरी पॉपिक या गृहस्थानं. हा तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पार्किंगच्या दंडांच्या तक्रारी निकालात काढणारा न्यायाधीश होता. शहरांची टोपणनावं जुन्या वर्तमानपत्रांतून उकरून काढायचा त्याला नाद. डेनाची गोष्ट छापू नका म्हणून त्यानं शिकागोच्या वर्तमानपत्रांच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला होता.

माझं मत सांगून टाकतो: नाव न्यूयॉर्कनं दिलेलं नाही. ते शेजारच्या, शिकागोमुळे मागे पडत चाललेल्या शहरांनी दिलं. तुम्हाला काय वाटतं?

कुडकुडे

एवढी कात्रणं कशाला? जानेवारीत सकाळी आठ वाजता मिशिगन अव्हेन्यूच्या पुलावर या आणि पाच मिनिटं उभे राहा. नाव कशावरून पडलं ते कान सांगतील, जागेवर राहिले तर.

विदाप्रेमी

@कुडकुडे, दिवे घ्या, पण आकडे तुमच्या कानांच्या बाजूनं नाहीत. शिकागोचा वर्षभराचा सरासरी वारा ताशी साधारण १६ किमी. बॉस्टनचा १९-२०. कॅन्ससमधली डॉज सिटी, टेक्सासमधलं अमारिलो ही गावं तर कितीतरी पुढे आहेत. अमेरिकेतल्या सगळ्यात वाऱ्याच्या शहरांच्या यादीत शिकागो वरच्या रांगेत कुठेच नाही. थंडीत झोंबतो म्हणून जास्त वाटतो, एवढंच.

कुडकुडे

सरासरी घरात बसून काढतात. बॉस्टनला कुणी वाऱ्याचं शहर म्हणत नाही, कारण तिथे सांगायला दुसरं काहीतरी आहे. शिवाय १८७० च्या दशकात शिकागोवालेच ‘उन्हाळ्यात आमच्याकडे या, तलावाची गार झुळूक घ्या’ अशा जाहिराती करत होते. स्वतःच वाऱ्याची टिमकी वाजवली आणि लोकांनी नाव ठेवलं, यात अशक्य काय?

उलटी_नदी

मुद्दा चांगला आहे आणि त्याला जोड म्हणून एक मजेशीर कात्रण. १८९२ च्या नोव्हेंबरात मिनेसोटातल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्रानं लिहिलं, की शिकागोला ‘विंडी’ म्हणतात ते तिथले लोक बढाईखोर म्हणून. पण त्यांच्या बऱ्याच बढाया खऱ्या निघाल्यामुळे ती बदनामी ओसरत चालली आहे. आता मात्र शहर हे नाव नव्यानं कमावतंय, कारण उंच इमारतींमुळे वारा खाली रस्त्यात ओढला जातो आणि याचा विचार वास्तुविशारदांनी केलाच नव्हता. म्हणजे प्रदर्शन उघडण्याच्याही आधी दोन्ही अर्थ लोकांच्या तोंडी होते, आणि लिहिणाऱ्यानं जुना अर्थ कुठला तेही सांगून ठेवलंय. डेनाचं नाव त्यात नाही.

शंकासुर

अग्रलेख सापडला नाही म्हणजे लिहिलाच नाही, हे कसं? जुन्या वर्तमानपत्रांचे निम्मे अंक वाळवीनं खाल्लेले असतात. डेना फटकळ होता, शिकागोवर त्याचा राग होता, प्रदर्शनाचं भांडण खरं होतं. तिन्ही गोष्टी जुळतात.

उलटी_नदी

राग तर होताच, आणि त्याचं कारण बोटीवरचे गाइड सांगत नाहीत. डेना १८६५ मध्ये शिकागोला येऊन ‘शिकागो रिपब्लिकन’ नावाचं दैनिक चालवत होता. ते काही चाललं नाही. वर्षभरात गाशा गुंडाळून तो न्यूयॉर्कला परतला आणि १८६८ मध्ये त्यानं ‘सन’ घेतलं. त्यामुळे त्यानं शिकागोला शिव्या घातल्या असतील यात मला शंका नाही.

पण ‘सन’ काही वाळवीनं खाल्लेलं नाही. त्या वर्षांचे अंक अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं जालावर फुकट ठेवलेत, शब्द टाकून शोधता येतात. आणि समजा उद्या सापडला अग्रलेख. तरी काय होणार? १८९० च्या अग्रलेखानं १८७६ चं बारसं कसं करणार?

मिरचीठेचा

सिनसिनाटीत राहणारी म्हणून मला बोललंच पाहिजे. इथल्या लोकांना आज यातलं काही आठवत नाही, पण एकोणिसाव्या शतकात हे वैर चांगलंच कडू होतं आणि त्याच्या मुळाशी डुक्कर होतं.

सिनसिनाटीचं टोपणनावच ‘पोर्कोपोलिस’, डुकरांची नगरी. आजूबाजूच्या शेतांतून डुकरांचे कळप रस्त्यानं हाकत शहरात आणायचे, थंडीत कापायचे, मांस खारवून पिंपांत भरायचं आणि ओहायो नदीतून बोटींनी दक्षिणेला मिसिसिपीमार्गे न्यू ऑर्लिन्सपर्यंत पाठवायचं. चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या. इथला एक जगप्रसिद्ध साबणाचा कारखाना त्यातूनच उभा राहिला. १८५० च्या जनगणनेत सिनसिनाटीची वस्ती एक लाख पंधरा हजारांवर होती आणि शिकागोची पुरती तीस हजारही नव्हती. तेव्हा इथल्या माणसाला तुम्ही सांगितलं असतं की तलावाकाठचं ते चिखलातलं गाव तुमच्या पुढे जाणार, तर तो हसला असता.

मग यादवी युद्ध आलं. खालची मिसिसिपी बंद, म्हणजे सिनसिनाटीचा दक्षिणेचा व्यापारच तुटला. शिकागोला नदीची गरज नव्हती, सगळे लोहमार्ग तिथेच येऊन मिळत होते. सैन्याला मांस पुरवायचं कंत्राट तिकडे वळलं आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शिकागोनं डुकरांच्या धंद्यात सिनसिनाटीला मागे टाकलं. १८६५ च्या नाताळात तिथे युनियन स्टॉकयार्ड्स हा जनावरांचा प्रचंड बाजार उघडला. १८७० मध्ये शिकागो तीन लाखांच्या उंबरठ्यावर, आम्ही दोन लाख सोळा हजारांवर.

वर बेसबॉल. पगारी खेळाडूंचा पहिला उघड व्यावसायिक संघ सिनसिनाटीचा, १८६९ चे रेड स्टॉकिंग्ज. शिकागोनं लगेच पुढच्या वर्षी व्हाइट स्टॉकिंग्ज उभा केला. नावातच खोड काढलेली. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तीही शिकागोच्या माणसाच्या पुढाकारानं. पहिल्याच हंगामात शिकागो विजेते आणि सिनसिनाटी सगळ्यात तळाला, ६५ सामन्यांत ९ जिंकलेले! तो हंगाम चालू होता आणि हा मथळा मे महिन्यातला. अशा वेळी शिकागोत वादळ झाल्यावर आमच्या संपादकाच्या हाताला सुटलेली खाज मला अगदी समजू शकते.

उलटी_नदी

मिरचीठेचाताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी झालाय. त्या मथळ्यातलं ‘दॅट’ मला फार बोलकं वाटतं. ‘ते वाऱ्याचं शहर’. आधीपासून ओळखीचं नाव असल्याशिवाय कुणी असं लिहीत नाही. म्हणजे १८७६ सुद्धा पहिलं नव्हेच. वादळामुळे संपादकाला एका दगडात दोन पक्षी मारता आले एवढंच.

वऱ्हाडी_ठोसा

काय बाप्पा, एका नावासाठी किती ते भांडण! आमच्या नागपूरले संत्रानगरी म्हणते, संत्री दिसते, विषय संपला. कोणी कात्रण मागतच नाही.

शंकासुर

नागपूरकर सुखी आहेत. मी मात्र अजून हार मानत नाही. डेना सोडून देऊ. दुसरी उपपत्ती अशी ऐकली आहे की नाव राजकारण्यांमुळे पडलं. शिकागोत पक्षांची अधिवेशनं फार व्हायची, पुढारी तासन्‌तास तोंडाची वाफ दवडायचे, त्यावरून. १८६० मध्ये लिंकनला उमेदवारी मिळाली ते रिपब्लिकन अधिवेशन शिकागोतच, ‘विगवॉम’ नावाच्या लाकडी मंडपात. मग तिथून नाव का नसेल पडलं?

पाटीवाचक

उपपत्ती सुबक आहे आणि तारीखही मोहात पाडते. अधिवेशन मे १८६० मध्ये. आणि ‘मिलवॉकी डेली सेंटिनेल’च्या ४ जुलै १८६० च्या अंकात, दोनच महिन्यांनी, शिकागोला ‘पश्चिमेचं विंडी सिटी’ म्हटलेलं सापडतं. पण तो मजकूर वाचला की अधिवेशन गळून पडतं. आशय असा: आम्हाला मिलवॉकीचा अभिमान आहे, कारण इथे शिकागोसारखे आळशी पोलीस नाहीत, इथली नीतिमत्ता बरी, गुन्हेगार कमी, शहराची पत चांगली आणि कर हलके. पुढाऱ्यांचा नि भाषणांचा उल्लेख नाही. हे सरळसरळ शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे.

आता @कुडकुडे यांच्यासाठी. मिलवॉकी शिकागोच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरच्या आत, त्याच मिशिगन तलावाच्या त्याच काठावर. तोच तलाव आणि तोच वारा, किंबहुना थोडा जास्तच. मिलवॉकीच्या माणसानं ‘तुमच्याकडे वारा फार’ म्हणून शिकागोला टोमणा मारावा, याला काही अर्थ आहे का? तिथे ‘विंडी’ म्हणजे फुशारक्या मारणारं, दुसरं काही असूच शकत नाही. आपण नाही का म्हणत, ‘नुसती हवा केलीय’?

मिरचीठेचा

हा तलावाचा मुद्दा जबरदस्त आहे. +१

आणि फुशारकीचं कारणही तेव्हा रोज डोळ्यांसमोर होतं. शिकागोचे जमीनविके आणि व्यापारी पूर्वेकडे जाऊन ‘आमच्या गावात पैसा लावा’ म्हणून सांगत फिरायचे. १८४० मध्ये साडेचार हजार वस्तीचं गाव, १८६० मध्ये एक लाखाच्या वर. त्यांनी मारलेल्या थापा दहा वर्षांत खऱ्या व्हायच्या. शेजाऱ्यांना याहून जास्त चीड कशाची येणार?

जर्सीकर

तुम्ही सगळे शिकागोवर तुटून पडलात म्हणून न्यूयॉर्कची लाज झाकली जाते असं नाही. ‘बिग ॲपल’चंही तेच झालंय. जालावर गोष्ट फिरते की ईव्ह नावाची कुणी बाई एकोणिसाव्या शतकात कुंटणखाना चालवायची आणि तिच्या मुलींना ‘ॲपल’ म्हणायचे. ती शुद्ध लोणकढी, कुणीतरी गंमत म्हणून रचलेली. दुसरी थाप महामंदीत रस्त्यावर सफरचंदं विकणाऱ्यांची. पण नाव मंदीच्या आधीचं आहे.

खरा माग लागतो तो घोड्यांच्या शर्यतींपर्यंत. जॉन फिट्झ जेरल्ड हा ‘मॉर्निंग टेलिग्राफ’चा शर्यतींवर लिहिणारा बातमीदार १९२१ पासून न्यूयॉर्कच्या शर्यतींसाठी हा शब्द वापरत होता. तो आपण कुठे ऐकला हेही त्यानंच १९२४ मध्ये लिहून ठेवलं: न्यू ऑर्लिन्समध्ये घोड्यांची निगा राखणाऱ्या दोन कृष्णवर्णीय कामगारांच्या बोलण्यात. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कची शर्यत म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस. त्या दोघांची नावं त्यानं दिली नाहीत. पुढे जाझवाल्यांनी शब्द उचलला, मग तो मागे पडला आणि १९७१ मध्ये पर्यटनाच्या जाहिरातीसाठी पुन्हा बाहेर काढला. १९९७ मध्ये ५४ वा रस्ता आणि ब्रॉडवे मिळतात त्या कोपऱ्याला ‘बिग ॲपल कॉर्नर’ नाव मिळालं, कारण फिट्झ जेरल्ड तिथे राहायचा. यामागेही पुन्हा हाच पॉपिक, जोडीला जेरल्ड कोहेन नावाचे मिसुरीचे प्राध्यापक.

दोन_नंबरची_पेठ

अवांतर होतंय, पण राहवत नाही. पुण्याला ‘पूर्वेचं ऑक्सफर्ड’ नेहरू म्हणाले, असं प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असतं. कोणत्या भाषणात, कोणत्या साली, हे विचारलं की समोरचा चहा मागवतो. पुण्याचा डेना नेहरू आहेत का हे कुणीतरी तपासावं. मी तपासणार नाही, मला पेठेत राहायचंय.

दक्षिणवारा

वेलिंग्टनहून नमस्कार. इथे वाऱ्याची सरासरी शिकागोच्या दीडपटीहून जास्त भरते आणि आम्हालाही ‘विंडी वेलिंग्टन’ म्हणतात. त्यावर कधी वाद ऐकला नाही. दाराबाहेर छत्री उघडून बघा, पुरावा हातातच राहतो, नुसत्या काड्यांचा.

शंकासुर

ठीक. मग डेनाची गोष्ट इतकी टिकली का? खोटी असेल तर मरायला हवी होती.

उलटी_नदी

मला वाटतं ती टिकली कारण ती शिकागोला आवडते. १८९० चा तो सामना बघा. न्यूयॉर्क, सेंट लुइस, वॉशिंग्टन आणि शिकागो असे चार स्पर्धक. न्यूयॉर्कच्या बड्या भांडवलदारांनी पैशाची आश्वासनं दिली, तर शिकागोनंही तोडीस तोड रक्कम उभी करायची तयारी दाखवली. २४ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहात मतदानाच्या आठव्या फेरीत शिकागो जिंकलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत वस्ती दहा लाखांवर गेली आणि शहर देशात दुसरं आलं. १८७१ च्या आगीत बेचिराख झालेलं गाव वीस वर्षांत इथवर! आणि प्रदर्शनही उभं राहिलंच, दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास हजेरी लागली.

अशा शहराला कोणता शत्रू शोभेल? न्यूयॉर्कच्या नामांकित संपादकानं आमच्यावर जळून नाव ठेवलं आणि आम्ही त्याला खोटं पाडलं, हे सांगताना छाती फुगते. मिलवॉकी आम्हाला पोलिसांवरून बोललं आणि सिनसिनाटी डुकरांच्या धंद्यावरून जळत होतं, हे बोटीवर कोण सांगणार? म्हणूनच १९३३ मध्ये, नवं प्रदर्शन भरलेलं असताना, शहराला स्वतःचं कौतुक ऐकायचं होतं तेव्हा ही गोष्ट छापून आली, हे मला अजिबात योगायोग वाटत नाही.

चिंतातुर_आत्या

शिकागोच्या पहिल्या प्रदर्शनाचा उल्लेख झालाच आहे तर: त्याच्याच निमित्तानं भरलेली सर्वधर्मपरिषद म्हटलं की आपण विवेकानंदांवर थांबतो. पण १८९३ च्या त्याच व्यासपीठावर मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकरही होते, ब्राह्मो समाजाच्या वतीनं. जैनांच्या वतीनं वीरचंद गांधी होते, तेही मुंबईचेच. परिषद भरली ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट, मिशिगन अव्हेन्यूवर. पाहुण्यांना बोटीतून उतरवल्यावर तिथेही न्या. चालत जाता येतं.

कुडकुडे

चालत? त्याच वाऱ्यातून?

बरं, एक राहिलं. पाटीवाचकांनी १८६० दाखवलं. त्याच्याही आधीचं माझ्याकडे आहे. १८५८ चं ‘शिकागो ट्रिब्यून’, म्हणजे घरचंच वर्तमानपत्र: शंभरेक पलटणी अधिकारी ‘या विंडी सिटीत’ केवळ पोरं आणि मोलकरणींच्या करमणुकीसाठी आपला डौल नि टोपीवरची पिसं हवेत मिरवत हिंडतात, अशी थट्टा आहे. आपल्याच गावाला आपणच ‘बढाईखोर’ कोण म्हणेल? पिसं आहेत, हवा आहे, वारा आलाच. त्याच्याआधीचं कुणी दाखवत नाही तोवर माझा वारा पहिला.

पाटीवाचक

वाक्य परत वाचा. थट्टा कशाची आहे? नुसता थाट मिरवणाऱ्या अधिकाऱ्यांची. बढाईच्याच वाक्यात ‘विंडी’ आलंय. आणि आपल्याच गावाला नावं ठेवणारे संपादक बघायचे असतील तर शिकागोला कशाला जायला हवं?

कुडकुडे

पिसं वाऱ्यानंच उडतात. बढाईनं नाही.

मिरचीठेचा

दोघंही थांबा. १८५८ च्या आधीचं शोधायचं तर सेंट लुइस आणि डेट्रॉइटची वर्तमानपत्रं उघडावी लागतील. सेंट लुइसचं तर शिकागोशी आमच्याइतकंच वाकडं होतं. सेंट लुइसमध्ये राहणारं इथे कुणी आहे का? तिथल्या ग्रंथालयात १८५० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) बघायला मिळतील का, एवढं सांगा.